लहानपणीचा लेगो इतक्या वर्षांनी पण फिट्ट कसा बसतो?

लहानपणी लेगोमध्ये बुडालेली आणि मग अभ्यास, नोकरी, संसार यात ते सगळं मागे टाकलेली माणसं मोठेपणी परत त्याच डब्याकडे वळतात, आणि हे इतकं कॉमन आहे की लेगोवेड्या लोकांमध्ये मधल्या रिकाम्या वर्षांना 'डार्क एजेस' असं नावच पडलंय. परत आल्यावर सगळ्यात आधी जाणवतं ते हे की वीस-तीस वर्षांपूर्वीचा ब्लॉक आणि नवीन सेटमधला ब्लॉक एकमेकांवर ठेवून दाबले की तोच टक्क आवाज, तीच पकड. लहान असताना यात काही विशेष वाटत नाही, पण मोठेपणी मात्र प्रश्न पडतो की हे शक्य कसं झालं, आणि मला वाटतं या छंदातली निम्मी मजा या प्रश्नातच आहे.

आज आपण ओळखतो तो ब्लॉक २८ जानेवारी १९५८ चा. त्या दिवशी डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगो कंपनीचे गॉटफ्रेड कर्क ख्रिस्तियानसन यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याआधीही ते ब्लॉक बनवत होते पण ते खालून नुसते पोकळ असायचे, रचले तर जात पण जरा धक्का लागला की सुटायचे. नवीन काय केलं तर पोकळीत नळ्या बसवल्या, बस्स. आता याचं गणित बघा, कारण ते खूप सुंदर आहे. ब्लॉकवरचे गोल उंचवटे म्हणजे स्टड, एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडचा मध्य ८ मिलिमीटर, प्रत्येक स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर. चार स्टड्सच्या चौकोनाचा कर्ण काढला तर ११.३१ येतो, त्यातून ४.८ वजा केले की उरतात ६.५१, आणि नळीचा बाहेरचा व्यास तेवढाच! म्हणजे नळी चार स्टड्सच्या मधोमध बरोब्बर शिरते. वर मापात केसभर घट्टपणा मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे दाबल्यावर प्लास्टिक किंचित वाकतं, परत सरळ व्हायला बघतं आणि त्या ताणातून पकड येते. माप जरा सैल झालं तर ब्लॉक गळून पडेल, जरा घट्ट झालं तर निघणारच नाही, म्हणून साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्याही आत ठेवावी लागते. तीच मापं आजपर्यंत तशीच ठेवलीयेत.

पण नुसती मापं ठेवून भागत नाही, प्लास्टिकनेही ती धरून ठेवायला हवीत. सुरुवातीचे ब्लॉक सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते, ते काही वर्षांत वाकडे व्हायचे. १९६३ पासून एबीएस नावाचं प्लास्टिक आलं, ज्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइलमुळे कडकपणा, स्टायरीनमुळे चकाकी आणि ब्युटाडाईनच्या रबरामुळे चिवटपणा येतो. हे रबर नसतं तर ब्लॉक काचेसारखे तडकले असते. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ मध्ये एक चार स्टड्सचा ब्लॉक मशीनखाली दाबून बघितला, तर तो साधारण ४,२४० न्यूटनपर्यंत टिकला, म्हणजे चारशे किलोहून जास्त वजनाचा भार!

गंमत अशी की ज्या ब्युटाडाईनमुळे ब्लॉक चिवट होतो तोच त्याचा कच्चा दुवाही आहे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतात आणि पांढरे, राखाडी, निळे ब्लॉक पिवळट पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवले की ते उजळतात, अनेक जण करतात, पण आत रेणू तुटलेत ते काही परत जुळत नाहीत, शिवाय काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो, म्हणून मी तर म्हणेन राहू द्यावेत तसेच. धुवायचे असतील तर ४० अंशांच्या खालचं पाणी आणि साधा साबण, डिशवॉशर अजिबात नको कारण गरम झालं की तीच जपलेली मापं बिघडतात. आणि हे जरूर लक्षात ठेवा की १९७० च्या दशकातल्या काही लाल-पिवळ्या ब्लॉक्सच्या रंगात कॅडमियम हा विषारी धातू असायचा. हाताळायला ठीक आहेत, पण सगळं तोंडात घालणाऱ्या लहान बाळाला ते देऊ नका.

मग येतं सॉर्टिंग. डबा ओतला की मोठा माणूस पहिल्यांदा काय करतो तर रंगांप्रमाणे ढीग लावतो, दिसायला छान दिसतं म्हणून. पण मुरलेले लोक आकाराप्रमाणे लावायला सांगतात, आणि त्यामागे मेंदूचं शास्त्र आहे. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मांडलं की एखादी गोष्ट फक्त रंगाने वेगळी असेल तर नजरेला ती शोधावी लागत नाही, ती आपोआप उठून दिसते, पण दोन-तीन गुणधर्म एकत्र जुळवायचे असतील तर मेंदूला एकेक वस्तू तपासत जावं लागतं. म्हणजे सगळ्या आकारांच्या काळ्या ढिगात एक छोटा काळा तुकडा शोधणं म्हणजे छळ, पण सगळ्या रंगांच्या एकाच आकाराच्या ढिगात काळा तुकडा लगेच सापडतो.

जोडायला बसल्यावर मेंदूचं आणखी एक काम सुरू होतं. सूचनांच्या पुस्तकात मॉडेल एका बाजूने काढलेलं असतं, हातात दुसऱ्या बाजूने असतं, मग आपण ते मनातल्या मनात फिरवतो. रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये नेमकं हेच मोजलं होतं, त्यांची चित्रं तर दहा-दहा ठोकळे जोडून केलेल्या आकारांचीच होती. दोन चित्रांतला कोन जितका जास्त तितका ओळखायला लागणारा वेळ जास्त, तोही सरळ प्रमाणात, जणू मनात तो आकार खरोखर फिरतोय! आणि ही क्षमता सरावाने वाढते, २०१३ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले तेव्हा मोठ्या माणसांमध्येही तेच दिसलं. त्यामुळे सुरुवातीला हात अडखळले तर सोडून देऊ नका.

सेट पूर्ण करण्यात मजा आहेच, पण खरा खजिना सूचना बाजूला ठेवल्यावर उघडतो असं माझं ठाम मत आहे. आठ स्टड्सचे, एकाच रंगाचे सहा ब्लॉक किती प्रकारे जोडता येतात? कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी कॉम्प्युटरवर मोजलं, उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. फक्त सहा ब्लॉक!

इतक्या शक्यता असूनही आपण एकाच दिशेला धावतो, ते म्हणजे अजून एक ब्लॉक लावायचा. लायडी क्लॉट्झ हे अमेरिकेतले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक मुलाबरोबर लेगोचा पूल बांधत होते, दोन खांब कमीजास्त उंचीचे झालेले, ते ब्लॉक आणायला वळले तोवर मुलाने उंच खांबातला एक ब्लॉक काढून टाकला आणि पूल सरळ. त्यातून सुरू झालेलं संशोधन २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. त्यातल्या एका प्रयोगात डळमळीत छप्पर पक्कं करायचं होतं, ब्लॉक वाढवला तर पैसे कापले जाणार होते, एक ब्लॉक काढला की काम होत होतं, तरी निम्म्याहून कमी लोकांना काढायचं सुचलं. मॉडेल अडलं की आधी काहीतरी काढून बघा, याचा चांगला उपयोग होतो.

राहिला शेवटचा प्रश्न, झालेलं मॉडेल मोडायचं की ठेवायचं. वर्तन-अर्थशास्त्रज्ञ डॅन एरिली आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात लोकांना लेगोच्या आकृत्या जोडायला देऊन प्रत्येकीमागे थोडे कमी होत जाणारे पैसे दिले. ज्यांचं काम समोर ठेवून दिलं जायचं त्यांनी सरासरी १०.६ आकृत्या जोडल्या, आणि ज्यांच्या आकृत्या त्यांच्या डोळ्यांदेखत सुट्या केल्या जायच्या ते ७.२ वरच थांबले, पैसे अगदी तेवढेच असून. म्हणून स्वतः डोक्याने बनवलेली पहिली वस्तू दुसऱ्या दिवशी मोडू नका, दिसेल अशा ठिकाणी काही आठवडे राहू द्या. नंतर स्वतःहून मोडावीशी वाटली तर खुशाल मोडा, कारण तेव्हा ते ब्लॉक पुढच्या कल्पनेसाठी हवे असतात.