‘प्रीमियम’पेक्षा ‘१८० जीएसएम’ का पटतं?

कापड समोर असलं की आपण ते नकळत चिमटीत धरून चोळतो, उजेडात नेऊन पाहतो. ऑनलाइन खरेदीत ती सोय नाही. विकणाऱ्याला सगळं ठाऊक, घेणाऱ्यापुढे नुसता फोटो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणातून दाखवलं, की अशा वेळी गिऱ्हाईक चांगल्या मालालाही सरासरी मालाचाच भाव देतं आणि चांगला माल विकणारा बाजारातून उठतो. म्हणून चांगल्या ब्रँडला बोलावंच लागतं. प्रश्न इतकाच, की काय बोलायचं?

‘प्रीमियम कापड’ हे खोटं ठरवताच येत नाही, त्यामुळे ते कोणीही लिहितं. ‘१०० टक्के सुती, १८० जीएसएम’ मात्र तपासता येतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा नाजूक काट्यावर १.८ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, १.४ भरला तर कापड १४० जीएसएमचं, म्हणजे बरंच पातळ. नवा टी-शर्ट कापून कोण बघतंय म्हणा! पण कोणीतरी बघू शकतं, ही धास्तीच त्या आकड्याला वजन देते.

खरा घोळ मापांत होतो. तक्त्यात ‘छाती १०४’ लिहिलंय, पण ते अंगाचं माप की कपड्याचं? टी-शर्ट सपाट पसरून काखेखाली ५२ सेंटिमीटर भरला, तर घेर १०४. नेहमीच्या फिटिंगला ८ ते १० सेंटिमीटर सैलपणा लागतो, म्हणजे तो ९४-९६ छातीच्या माणसाचा. १०४ छातीवाल्याने मागवला तर तो अंगाला चिकटणार आणि परत जाणार. शिवाय सुती होजियरी आटते. ७० सेंटिमीटर लांबी ५ टक्के आटली की साडेतीन सेंटिमीटर गेले. माप धुण्याआधीचं की नंतरचं आणि शिलाईत किती फरक धरलाय, हे सांगणारा तक्ता दहा फोटोंपेक्षा कामाचा. (फोटोतलं फिटिंग पुष्कळदा मॉडेलच्या पाठीमागे लावलेल्या चिमट्यांचं असतं.)

‘पहिल्या दोन धुण्यांत रंग सुटेल, वेगळं धुवा’ असा उणेपणा आधीच सांगितला, तर बादलीतलं निळं पाणी पाहून फसवल्यासारखं वाटत नाही. तेच न सांगता झालं, तर ब्रँडच्या बाकीच्या दाव्यांवरही शंका येते.

कापूस सेंद्रिय आहे का, हे मात्र वर्षभर वापरूनही कळत नाही. तिथे प्रमाणपत्रच हवं. ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे प्रमाणपत्र हानिकारक रसायनांची तपासणी सांगतं, सेंद्रियपणाची नाही. ‘गॉट्स’ला, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाला, निदान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो. त्याचा परवाना क्रमांक गॉट्सच्या खुल्या यादीत टाकून पाहावा. नाव फक्त सूतगिरणीचं निघालं, तर प्रमाणित आहे ते सूत. तुमचा शर्ट नव्हे.