क्ष-किरण आकाशाची जनगणना आणि पत्त्यांचा घोळ

३१ जानेवारी २०२४ रोजी जर्मन खगोलशास्त्रज्ञांनी इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीची पहिली मोठी यादी सर्वांसाठी खुली केली. अर्धं आकाश, सहा महिन्यांची एकच फेरी आणि ९ लाखांहून अधिक स्रोत. त्यांतले सुमारे ७ लाख १० हजार स्रोत म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रात बसून भोवतालचा वायू गिळणारी महाकाय कृष्णविवरं, असा अंदाज. बातम्यांमध्ये आकडा गाजला. मला त्यातला ‘अंदाज’ हा शब्द जास्त मोलाचा वाटतो. क्ष-किरण दुर्बीण सांगते ते एवढंच, की अमुक ठिकाणी काहीतरी चमकतं आहे. ते नेमकं काय आहे, हे बहुतेक वेळा दुसऱ्याच दुर्बिणीनं ठरवायचं असतं. सक्रिय दीर्घिका (ज्यांच्या केंद्रात असं कृष्णविवर वायू गिळत असतं) आणि क्वेसार (त्यांतलेच सर्वांत तेजस्वी) यांच्या क्ष-किरण याद्यांचा साठ वर्षांचा इतिहास हा बराचसा या दुसऱ्या कामाचा इतिहास आहे: ठिपक्याचा पत्ता शोधायचा आणि त्यावर नाव लिहायचं.

सुरुवात मात्र वेगळ्याच शोधात झाली. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे ते पाहायचे तर वर जावं लागतं. १८ जून १९६२ च्या रात्री अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधून एक एरोबी रॉकेट सुटलं. रिकार्दो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चंद्रावरून येणारे क्ष-किरण दिसतात का, ते पाहायचं होतं. निरीक्षणाला मिळाली जेमतेम ३५० सेकंदं. चंद्र काही दिसला नाही. त्याऐवजी वृश्चिक राशीच्या दिशेनं एक प्रखर स्रोत सापडला, आणि त्याशिवाय सगळीकडून येणारी एक मंद, एकसारखी झळाळी. वृश्चिकातला स्रोत आपल्याच आकाशगंगेतला निघाला. पण ती झळाळी, म्हणजे वैश्विक क्ष-किरण पार्श्वप्रारण, पुढची चाळीस वर्षं खगोलशास्त्रज्ञांच्या मागे लागली. पुढच्या अनेक याद्या तिचा उगम शोधण्यासाठीच केल्या गेल्या.

योगायोग असा, की त्याच वर्षी चंद्रानं दुसरीकडे एक पत्ता पक्का करून दिला. कन्या राशीतल्या ३सी २७३ या रेडिओ स्रोतावरून चंद्र सरकला. स्रोत कधी झाकला आणि कधी उघडला याच्या वेळा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीनं टिपल्या, आणि त्यावरून त्याची जागा काटेकोर मिळाली. तिथे दिसला एक साधा निळसर ‘तारा’. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट उलगडला. ओळखीच्याच हायड्रोजनच्या रेषा, पण तांबड्या बाजूला सुमारे १६ टक्क्यांनी सरकलेल्या. तारा कसला, अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडचा प्रकाशाचा डोंगर होता तो. क्वेसार हा प्रकार असा उघडकीला आला. त्याच्या वीस वर्षं आधी, १९४३ मध्ये, कार्ल सेफर्ट यांनी सहा दीर्घिकांच्या झगमगत्या गाभ्यांमधल्या विलक्षण रुंद रेषांची नोंद केली होती. सेफर्ट दीर्घिका आणि क्वेसार ही एकाच घराण्यातली लहानमोठी भावंडं आहेत, हे समजायला मात्र वेळ लागला.

या गाभ्यांमधून क्ष-किरण का निघतात, हे थोडक्यात असं. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू तबकडीच्या आकारात फिरत तापतो आणि मुख्यतः अतिनील प्रकाश देतो. तबकडीच्या आतल्या भागाजवळ त्याहून कितीतरी तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. त्यातून जाताना अतिनील फोटॉनांना धक्के बसतात, त्यांची ऊर्जा वाढते आणि ते क्ष-किरण होऊन बाहेर पडतात. धुळीमुळे दृश्य प्रकाश अडला तरी जास्त ऊर्जेचे क्ष-किरण बऱ्याचदा आरपार येतात. याद्या करणाऱ्यांना क्ष-किरणांचं आकर्षण होतं ते यामुळेच.

१२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, केनियाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातल्या तळावरून पहिला क्ष-किरण उपग्रह सुटला. त्याचं नाव उहुरू, स्वाहिलीत ‘स्वातंत्र्य’. त्याच्या शेवटच्या यादीत ३३९ स्रोत होते. बहुतेक प्रखर स्रोत आपल्या आकाशगंगेतली ताऱ्यांची जोडपी. ३सी २७३ किंवा एनजीसी ४१५१ सारखी ओळख पटलेली सक्रिय केंद्रं मोजकीच. उहुरूकडे प्रतिमा घेणारी दुर्बीण नव्हती, होती ती फटीतून येणारे क्ष-किरण मोजणारी यंत्रं. एक फट अर्धा अंश रुंद आणि पाच अंश लांब. वेगवेगळ्या दिशांनी फट फिरवून ‘स्रोत या चौकटीत कुठेतरी आहे’ इतपत सांगता यायचं. मंद स्रोतांच्या काही चौकटी पौर्णिमेच्या चंद्राहून मोठ्या होत्या. तेवढ्या जागेत ताऱ्यांची आणि दीर्घिकांची इतकी गर्दी असते, की नाव कुणाचं घ्यायचं?

ब्रिटनच्या एरियल-५ नं (१९७४) चौकटी लहान केल्या आणि एक नक्षी दिसू लागली. चौकटीत पुन्हा पुन्हा एखादी सेफर्ट दीर्घिका निघायची. अपवादानं दिसणारे हे स्रोत आता क्ष-किरणांचा एक वर्गच ठरले. मग उलटा शोध सुरू झाला: चौकटीतल्या दीर्घिकांचे वर्णपट घ्यायचे आणि लपलेलं केंद्र हुडकायचं. एनजीसी ५५०६ किंवा एनजीसी २९९२ यांसारख्या, दृश्य प्रकाशात फारसं लक्ष वेधून न घेणाऱ्या दीर्घिका अशाच पकडल्या गेल्या. त्यांच्या केंद्रावर धुळीचा पडदा होता.

त्यानंतरच्या हीओ-१ (१९७७) या अमेरिकी उपग्रहाची दोन कामं टिकून राहिली. पहिलं म्हणजे ८४२ स्रोतांची यादी. दुसरं आकारानं छोटं पण वजनदार: आकाशगंगेचा पट्टा सोडून उरलेल्या जवळजवळ दोन तृतीयांश आकाशात, ठरावीक तेजाहून प्रखर असलेले सगळे ८५ स्रोत. त्यांत सक्रिय केंद्रं सुमारे तीस. आकडा किरकोळ वाटेल, पण ‘काहीही सुटलेलं नाही’ अशी खात्री असलेली छोटी यादी लांबलचक अर्धवट यादीपेक्षा जास्त कामाची असते. अवकाशाच्या अमुक एवढ्या भागात अशी केंद्रं किती, हे अशाच यादीवरून काढता येतं.

१३ नोव्हेंबर १९७८ ला सुटलेल्या आइनस्टाइन वेधशाळेनं खेळच बदलला. क्ष-किरण साध्या आरशावर पडले की परत फिरत नाहीत, पण अगदी तिरपे घासून गेले तर वळतात. तसे नळीसारखे आरसे वापरून सूर्याव्यतिरिक्तच्या क्ष-किरण आकाशाच्या खऱ्या प्रतिमा पहिल्यांदाच मिळाल्या. क्वेसार एकामागून एक दिसू लागले. एखाद्या ठरवलेल्या लक्ष्याकडे पाहताना चित्राच्या कडेकोपऱ्यात आपोआप टिपल्या गेलेल्या ८३५ स्रोतांची यादी १९९० मध्ये आली, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक सक्रिय केंद्रं निघाले. फुकटात हाती आलेलं हे पीक पुढे प्रत्येक मोठ्या दुर्बिणीनं घेतलं.

तरीही पार्श्वप्रारणाचं गणित बसत नव्हतं. एक मत होतं, की दीर्घिकांमधल्या पोकळीत अतितप्त वायू पसरला आहे आणि त्याचीच ही झळाळी. १९८९ मध्ये सुटलेल्या कोबे उपग्रहानं ही शक्यता मोडीत काढली. तसा वायू असता तर महास्फोटाच्या उरलेल्या सूक्ष्मलहरींवर त्याचा ठसा दिसला असता, आणि तो नव्हता. मग झळाळी क्वेसारांचीच म्हणावी, तर माहीत असलेल्या क्वेसारांचा वर्णपट तिच्याशी जुळेना. झळाळीत जास्त ऊर्जेचे किरण प्रमाणाबाहेर होते. उत्तर सुचलं ते असं, की आपल्या याद्यांमध्ये एक मोठा गट गैरहजर आहे. दाट वायूच्या आड दडलेली ही केंद्रं, कमी ऊर्जेचे किरण तिथल्या तिथेच शोषून घेणारी. यादीत जे नाही, त्याचा पत्ता झळाळीनं दिला.

आणि नेमकी पुढची मोठी मोहीम कमी ऊर्जेच्याच किरणांची होती. जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटनचा रोसॅट १ जून १९९० ला सुटला आणि सहा महिन्यांत त्यानं प्रतिमा घेत सगळं आकाश पिंजून काढलं. प्रखर स्रोतांची यादी १८,८०६ ची, मंद स्रोतांची १,०५,९२४ ची. ठिपक्याची जागा आता दहा-वीस विकलांपर्यंत कळू लागली. (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला. पंचांगातले हे शब्द इथे चपखल बसतात.) उहुरूच्या मानानं ही चैनच, पण लाखभर ठिपक्यांचे वर्णपट एकेक करून घेणार कोण?

यावरच्या दोन तोडग्यांची आठवण ठेवायला हवी. हॅम्बुर्गच्या खगोलशास्त्रज्ञांकडे जुन्या पद्धतीच्या फोटोपट्ट्या होत्या. दुर्बिणीच्या तोंडाशी लोलक बसवला, की चित्रातला प्रत्येक तारा बिंदूऐवजी छोट्या वर्णपटाची रेघ बनून उमटतो. रोसॅटच्या जागेवरची रेघ पाहून हा तारा की क्वेसार, हे बऱ्यापैकी सांगता यायचं. दुसरा तोडगा स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाचा. अॅल्युमिनियमच्या तबकडीला आकाशातल्या जागांबरहुकूम भोकं पाडायची, त्यांत ६४० प्रकाशतंतू हातानं खोवायचे आणि एका दमात तेवढे वर्णपट घ्यायचे. काही भोकं मुद्दाम रोसॅटच्या स्रोतांसाठी राखलेली असत. २००७ पर्यंत स्लोन आणि रोसॅटच्या जोडीनं सुमारे ७,००० सक्रिय केंद्रांची ओळख पक्की केली.

याच काळात रोसॅटनं सप्तर्षीतला एक तुकडा फार खोलवर पाहिला. आपल्या आकाशगंगेचा वायू तिथे विरळ आहे, म्हणून त्याला लॉकमनचं भोक म्हणतात. तिथले ठिपके ओळखण्यासाठी हवाईतल्या मोठ्या केक दुर्बिणींवर राबणाऱ्यांमध्ये ३सी २७३ चा वर्णपट उलगडणारे तेच श्मिट होते. निष्कर्ष स्पष्ट होता: कमी ऊर्जेची बहुतांश झळाळी सुट्या ठिपक्यांची आहे, आणि त्यांत सक्रिय केंद्रांचं प्राबल्य आहे.

जास्त ऊर्जेचं कोडं १९९९ मध्ये सुटलेल्या चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींनी बरंचसं सोडवलं. चंद्रा दुर्बिणीनं ठिपक्याची जागा विकलेच्या आसपास आणून ठेवली. दक्षिण आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन तृतीयांश एवढ्याशा जागेकडे तिनं एकूण ७० लाख सेकंदं पाहिलं आणि १,००८ स्रोत मोजले. दडलेली केंद्रंही त्यांत भरपूर होती. अगदीच दाट पडद्यामागची केंद्रं मात्र इथेही निसटतात. त्यांच्यासाठी २००४ पासून स्विफ्ट उपग्रहावरचं, आणखी जास्त ऊर्जेचे किरण टिपणारं यंत्र आकाश न्याहाळत राहिलं. त्याच्या १०५ महिन्यांच्या यादीत अवघे १,६३२ स्रोत आहेत. रोसॅटपुढे नगण्य, पण पडद्यामागे डोकावणारे.

यानंतर आली इरोसिटा. १३ जुलै २०१९ ला रशियाच्या एसआरजी यानावरून ती निघाली आणि १२ डिसेंबरला, उहुरूच्या उड्डाणाच्या बरोबर ४९ वर्षांनी, तिची पहिली फेरी सुरू झाली. जागा आता चार-पाच विकलांपर्यंत कळते, पण इतक्या मंद स्रोतांसाठी तेही पुरत नाही. आजच्या खोल प्रतिमांमध्ये तेवढ्या वर्तुळात दोन-तीन दीर्घिका सहज असतात. म्हणून आता एका ठिपक्यापुढे एक नाव लिहीत नाहीत. प्रत्येक उमेदवाराचं अंतर, तेज आणि अवरक्त रंग पाहून तो खरा असण्याची संभाव्यता काढतात, आणि यादीत ती संभाव्यताही छापतात. जुन्या याद्यांमधली नावं ठाम असायची. त्यांतली काही पुढे चुकीची ठरली.

आठ फेऱ्या ठरल्या होत्या, चार पूर्ण झाल्या, पाचवी सुरू होती. युक्रेनवर रशियानं हल्ला केल्यावर २६ फेब्रुवारी २०२२ ला जर्मनीनं दुर्बीण निद्रावस्थेत ठेवली. आकाशाची वाटणी आधीच झालेली होती: आकाशगंगेच्या निर्देशांकांनुसार पश्चिमेकडचा अर्धा भाग जर्मन गटाकडे, उरलेला रशियन गटाकडे. २०२४ ची यादी पहिल्या अर्ध्याची, तीही पहिल्या फेरीची. दुर्बीण निजल्यावरही तिच्या ठिपक्यांमागचं काम थांबलेलं नाही. न्यू मेक्सिकोत आणि चिलीत स्लोनच्या दोन दुर्बिणींवर आता हातानं खोवायच्या तंतूंच्या जागी यंत्रहात आले आहेत, प्रत्येकीवर पाचशे, आणि त्यांच्या कामाच्या यादीत इरोसिटाचे ठिपके आहेत.