घडाघडा वाचतो, पण कळत नाही

इंदूरच्या मराठी घरांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते: पोरगा मराठी पुस्तक घडाघडा वाचतो, पण काय वाचलंस विचारलं की गप्प. शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी येतेच, मराठी वाचायला वेगळी लिपी शिकावी लागत नाही. त्यामुळे उणीव बाहेरून दिसत नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक सूत्र मांडले: वाचून होणारे आकलन म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणे गुणिले ऐकलेली भाषा समजणे. दोन्हींना ० ते १ असे गुण द्या. ओळख ०.९ आणि भाषा ०.४ असेल, तर आकलन ०.३६ भरते. ओळख पूर्ण १ झाली तरी ते ०.४ च्या वर जात नाही. म्हणून नुसता वेग वाढवून काही साधत नाही.

आता हा गुणाकार डोक्यात कसा घडतो ते पाहा. मूल 'अडगळ' पहिल्यांदा वाचते तेव्हा 'अडगल' म्हणते, कारण हिंदीच्या वर्णमालेत ळ शिकवत नाहीत. 'चूल', 'जवळ', 'झाड' यांतले च, ज, झ ते हिंदीसारखे उच्चारते. म्हणजे अक्षरांवरून ध्वनी तयार होतो, पण जरासा चुकलेला. मग मेंदू त्याच्या जवळपासचा ओळखीचा शब्द शोधतो. आजीच्या तोंडून 'अडगळ' ऐकलेला असेल, तर मूल क्षणभर अडखळते आणि आपणच सुधारते. त्या क्षणी अक्षरे, उच्चार आणि अर्थ एकत्र बांधले जातात. वाचनाचेच अभ्यासक डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये यालाच वाचनातले स्वयंशिक्षण म्हटले. असे काही वेळा झाले की शब्द पाहताक्षणी ओळखू येतो. शब्द कधी कानावरच पडला नसेल, तर सुधारणार कशावरून? 'अडगल' तसेच पुढे जाते.

 

नेमके कुठे अडते ते शोधायला साधारण ८० शब्दांचा उतारा वाचून दाखवा, पुस्तक मुलासमोर नको, आणि चार प्रश्न विचारा. मग तितकाच अवघड दुसरा उतारा त्याला वाचू द्या. ऐकून कळते पण वाचून कळत नाही, तर ळ आणि जोडाक्षरांचा सराव हवा. दोन्हीकडे अडते, तर शब्द कमी आहेत.

शब्द वाढवायचे तर आठवड्याला पाचच घ्या. वीस शब्दांची यादी पाठ होते आणि परीक्षेनंतर पुसली जाते. शब्द आधी कानावर पडू द्या, फळ्यावर नंतर लिहा. "माळ्यावर जुना कूलर, फुटकी बादली, दादाची लहानपणची सायकल, सगळी अडगळ साचली आहे", अशा वाक्यातून अर्थ द्या. हिंदी प्रतिशब्द सांगून लगेच पुढे गेलात, तर लक्षात तोच राहतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने, पुस्तक न उघडता, मुलाकडून नवे वाक्य करून घ्या. अडलेच तर अर्थ सांगू नका. पहिले अक्षर द्या आणि पाच-दहा सेकंद थांबा, कारण आठवण्याच्या या खटपटीतच शब्द पक्का होतो.