पुस्तक किती दिवसांसाठी द्यावे? ग्रंथालयातील देवघेवीचे गणित

ग्रंथालयाच्या देवघेव विभागाला दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही क्षणी देता यावी लागतात: अमुक पुस्तक सध्या कोणाकडे आहे, आणि आज कोणती पुस्तके परत यायला हवीत. संगणक येण्यापूर्वी हे काम कागदाच्या तुकड्यांवर चालत असे. अमेरिकन ग्रंथपाल नीना ब्राऊन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली आणि भारतातही अनेक ग्रंथालयांनी ती दीर्घकाळ वापरली. पुस्तकाच्या आतल्या खिशातले कार्ड काढायचे, ते वाचकाच्या छोट्या पाकिटासारख्या तिकिटात सरकवायचे आणि ही जोडी परतीच्या तारखेनुसार ट्रेमध्ये लावून ठेवायची, एवढाच हा व्यवहार होता. मुदत उलटलेली पुस्तके त्यात चटकन सापडत. पण एखाद्या वाचकाकडे नेमकी कोणती पुस्तके आहेत हे शोधायचे म्हटले, तर सगळा ट्रे चाळावा लागे.

पुस्तक परत आले की कार्ड पुन्हा खिशात जाई, तिकीट वाचकाला मिळे आणि त्या व्यवहाराची खूण ट्रेमधून पुसली जाई. मागे उरे ती पुस्तकात चिकटवलेल्या तारीखपत्रकावरील शिक्क्यांची रांग. देवघेवीचा पुढे जो शास्त्रशुद्ध अभ्यास झाला, त्याला या शिक्क्यांचा मोठा आधार होता. औद्योगिक अभियांत्रिकीचे अभ्यासक रिचर्ड ट्रूझवेल यांनी १९६०च्या दशकात एक सोपी युक्ती वापरली: आज बाहेर जाणारे प्रत्येक पुस्तक त्याआधी शेवटचे कधी बाहेर गेले होते, ते पाहायचे. बहुतेक पुस्तकांच्या बाबतीत ती तारीख फार जुनी नसते, असे त्यांना आढळले. सुमारे ८० टक्के देवघेव सुमारे २० टक्के पुस्तकांवरच चालते, हा १९६९ मध्ये त्यांनी मांडलेला नियम ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. पिट्सबर्ग विद्यापीठातील पाहणीने तर खळबळच उडवून दिली. १९६९ मध्ये तिथे दाखल झालेल्या सुमारे ३७ हजार पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तके १९७५ संपेपर्यंत एकदाही घरी नेली गेली नव्हती. ग्रंथालयात बसून वाचलेल्या पुस्तकांची दखल अशा आकड्यांत पुरेशी घेतली जात नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो अगदीच गैरलागू नव्हता.

माझ्या मते मात्र देवघेवीच्या नोंदींतली खरी उणीव दुसरीकडे आहे. वाचकाला पुस्तक मिळाले तर नोंद होते. ते बाहेर गेलेले असल्यामुळे तो रिकाम्या हाताने परतला, तर बहुधा काहीच नोंदले जात नाही. याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. एका पुस्तकाची एकच प्रत आहे, मागणी वर्षभर अनियमितपणे पण सरासरीने महिन्यातून दोनदा येते, प्रत्येक वाचक पुस्तक महिनाभर ठेवतो आणि पुस्तक जागेवर नसेल तर मागणारा वाट न पाहता निघून जातो, असे धरू. टेलिफोनच्या व्यग्र लाइनींसाठी जे गणित वापरतात तेच इथे लावले, तर पुस्तक जागेवर असण्याची शक्यता एक तृतीयांश येते. म्हणजे वर्षभरातल्या २४ मागण्यांपैकी फक्त ८ पुऱ्या होतात. नोंदवहीत दिसतात त्या ८ देवघेवी. उरलेल्या १६ जणांचा मागमूसही नसतो. याउलट वर्षाला केवळ ८ जण मागतात अशा पुस्तकाच्या देवघेवी याच हिशेबाने पाचाच्या आसपास येतात. मागणीत तिपटीचा फरक असूनही नोंदींत ती दोन्ही पुस्तके जवळपास सारख्याच लोकप्रियतेची वाटतात, आणि केवळ देवघेवीचे आकडे पाहून जादा प्रती घेणारा ग्रंथपाल इथेच फसतो.

आता उपाय पाहू. दुसरी प्रत विकत घेतली आणि मुदत महिन्याचीच ठेवली, तर सुमारे ६० टक्के मागण्या पुऱ्या होतात. एकही रुपया खर्च न करता मुदत आठवड्यावर आणली, तर एकाच प्रतीवर सुमारे ६७ टक्के! अर्थात वाचकाला आठवडा पुरतो का, हा प्रश्न उरतोच आणि जाडजूड ग्रंथांच्या बाबतीत त्याचे उत्तर नकारार्थी असू शकते. तरीही मायकेल बकलंड यांनी इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात केलेल्या अभ्यासात असे दिसले, की मुदत लहान असो वा मोठी, वाचक पुस्तक परत आणतात ते साधारणपणे मुदत संपण्याच्या सुमारास. वाचून होण्याचा काळ आणि परत करण्याचा काळ यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही. तिथल्या ग्रंथालयाने मग सर्व पुस्तकांना एकच मुदत लावणे सोडले आणि जास्त मागणीच्या पुस्तकांची मुदत बरीच कमी केली. पुस्तके मिळण्याचे प्रमाण सुधारले. पण पुस्तक मिळते असा अनुभव येऊ लागल्यावर वाचक अधिक वेळा येऊ लागले, मागणी वाढली आणि सुधारलेले प्रमाण काही अंशी पुन्हा घसरले. हे अपयश मानायचे कारण नाही, कारण एकूण वाचन वाढलेच होते.

महाराष्ट्रातली कित्येक वाचनालये हे तत्त्व दिवाळी अंकांच्या बाबतीत कोणत्याही सूत्राविना पाळत आली आहेत. वेगळी वर्गणी घ्यायची आणि अंक मोजक्या दिवसांत बदलून द्यायचे. मागणी सुरुवातीच्या आठवड्यांत एकवटलेली असताना एकेक अंक महिनाभर एकाच घरात अडकला, तर ती योजनाच कोलमडेल.

न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० साली वापरात आलेल्या ‘कोहा’सारख्या संगणकप्रणालींमुळे एका पुस्तकासाठी किती वाचक रांगेत आहेत हे आता दिसते आणि प्रतींच्या तुलनेत रांग वाढली की मुदत कमी करता येते. पण आरक्षण न करता निघून जाणारा वाचक संगणकालाही दिसत नाही. त्यासाठी ठरावीक दिवशी वाचकांना चिठ्ठी देऊन कोणते पुस्तक शोधले आणि ते मिळाले का, एवढेच विचारण्याची पाहणी करतात. पुस्तक न मिळण्याची कारणे त्यातून वेगळी काढता येतात: ग्रंथालयाने ते घेतलेलेच नव्हते, दुसऱ्या वाचकाकडे होते, की कपाटात चुकीच्या जागी लागले होते. यांपैकी तिसरे कारण देवघेवीच्या नोंदींतून कधीच कळणार नाही, कारण त्या नोंदींनुसार ते पुस्तक ‘उपलब्ध’ असते.