डोकं, रस्ता आणि मधलं थर्माकोल

जून 2025 मध्ये केंद्र सरकारने मसुदा काढला, की नवीन दुचाकीबरोबर विकणाऱ्याने दोन हेल्मेट द्यायची आणि एबीएसही (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींना लावायचं. तेव्हापासून मी जिथे गाडी सर्व्हिसिंगला टाकतो त्या गॅरेजवर रोज हाच विषय. पुण्यात हा वाद जुनाच आहे, 1 जानेवारी 2019 पासून इथे हेल्मेटसक्तीची मोहीम जोरात सुरू झाली तेव्हा सक्तीविरोधी कृती समितीच्या लोकांनी मोर्चे काढले होते.

गॅरेजवर लोक जे बोलतात त्यातलं बरंचसं मला पटतं. आधी खड्डे बुजवा मग पावती फाडा, मामा चौकात उभं राहून ट्रॅफिक हाकण्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी का थांबतात, मे महिन्यात डोक्यातून घामाच्या धारा लागतात, भाजी घ्यायला उतरलं की हे धूड ठेवायचं कुठे. या खऱ्या अडचणी आहेत आणि सरकारने त्या ऐकायला पाहिजेत. पण एक वाक्य प्रत्येक जण ठामपणे म्हणतो, शिकलेली माणसंसुद्धा, की "गावात गाडी तीस-चाळीसच्या वर जातच नाही, हेल्मेट हायवेला ठीक आहे." हे साफ चुकीचं आहे आणि का चुकीचं आहे ते नववीच्या पुस्तकातल्या गतीच्या समीकरणांवरूनच कळतं.

गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी घसरली की ते डोकं खाली येतं, आणि खाली येण्याचा वेग गाडीच्या वेगावर अवलंबून नसतो, फक्त उंचीवर असतो. शाळेत शिकवतात ना, की एक चेंडू नुसता सोडला आणि दुसरा त्याच उंचीवरून आडवा फेकला तरी दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकतात, तसंच. दीड मीटरवरून पडलेलं डोकं रस्त्याला टेकतं तेव्हा त्याचा खाली जाणारा वेग ताशी जवळजवळ 20 किलोमीटर असतो. मग तुम्ही ताशी साठने जात असा, पंधराने जात असा किंवा सिग्नलला उभे असताना कुणी हँडलला धक्का दिलेला असो.

आता माझा आवडता भाग. इजा वेगाने होत नाही, तो वेग किती कमी अंतरात शून्य होतो त्याने होते. दोन समीकरणं एकमेकांत घातली (पडताना v² = 2gh, थांबताना v² = 2as) की वेग मधून निघूनच जातो आणि उरतं a/g = h/s. म्हणजे झटका गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, तर पडायची उंची भागिले थांबायचं अंतर, बस्स. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर थांबायला मिळते फक्त टाळूची कातडी, समजा 3 मिलिमीटर. 1500 भागिले 3 म्हणजे 500, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचशेपट झटका, कवटीला तडा जायला तो पुरेसा आहे. तेच हेल्मेटच्या आतलं थर्माकोल 25 मिलिमीटर दबलं तर 1500 भागिले 25, म्हणजे 60. डोकं तेच, रस्ता तोच, फक्त बावीस मिलिमीटर जास्त मिळाले.

इथे कुणीही विचारेल की मग थर्माकोलच कशाला, स्पंज नाहीतर रबर घाला, डोक्याला मऊ लागेल. तर स्प्रिंग किंवा रबर जसजसं दबतं तसतसं ते जास्त जोराने ढकलतं, सुरुवातीला काहीच नाही आणि शेवटी सगळा जोर एकदम, त्यामुळे त्याच 25 मिलिमीटरमध्ये स्प्रिंगचा कमाल झटका 60 नाही तर 120 येतो आणि वरून ते डोकं परत उलट फेकतं. थर्माकोल म्हणजे वाफेने फुगवलेले पॉलिस्टायरीनचे मणी, हेल्मेटातल्या थर्माकोलमध्ये सुमारे 95 टक्के हवाच असते, आणि त्या लाखो बारीक कप्प्यांच्या भिंती एका ठरावीक जोरानंतर एकामागून एक मोडत जातात. मोडताना जोर जवळजवळ तेवढाच राहतो, वाढत नाही, आणि मोडलेली भिंत परत उभी राहत नाही म्हणून उसळीही फारशी नाही, बहुतेक ऊर्जा मोडण्यातच खर्ची पडते. दिलेल्या अंतरात कमीत कमी झटक्याने थांबायचं तर जोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा हवा, याहून चांगला मार्ग गणितात नाही, आणि मिक्सरच्या खोक्यात येणाऱ्या या मालाला ते जमतं याचं मला अजून नवल वाटतं. एकदा दबलं की मात्र ते संपलं, म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी बदलायचं.

याची मर्यादाही सांगतो, कारण "हेल्मेट घालून पण माणसं मरतात" हेही खरं आहे. ताशी 50 ने थेट दुभाजकावर डोकं आपटलं तर ते जवळजवळ 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखं आहे, गणित करा, 25 मिलिमीटरमध्ये तो झटका 400 च्या घरात जातो. तिरक्या फटक्याने मेंदू आत गरकन फिरतो ती इजा वेगळीच, युरोपच्या नव्या 22.06 मानकात त्यासाठी तिरप्या आघाताची चाचणी आली आहे. आणि मान मोडते, हॉर्न ऐकू येत नाही, या तक्रारींचं म्हणाल तर अमेरिकेतले संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमधल्या 900 अपघातांच्या जागी जाऊन केलेल्या तपासात (अहवाल 1981 चा) हेल्मेटमुळे यातलं काहीच होत असल्याचं दिसलं नाही. पुढच्या मडगार्डला लिंबू-मिरची बांधून हेल्मेट आरशाला लटकवणारे रोज दिसतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण भीती खरी आहे आणि उपाय हाताशी आहे, तो फक्त चुकीच्या जागी टांगलाय. सरकारच्याच आकडेवारीत 2022 साली हेल्मेट नसलेले 50,029 दुचाकीस्वार गेले, त्यात 14,337 मागे बसलेले होते.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या पावसात सिंहगड रोडच्या एका वळणावर माझी गाडी घसरली, वेग वीसच्या आतच असेल. घरी येऊन अस्तर काढून पाहिलं तर डाव्या कानाच्या वर थर्माकोलला अंगठा बसेल एवढा खळगा पडला होता, आणि बाहेर नुसता एक ओरखडा. ते हेल्मेट गॅरेजवर घेऊन गेलो आणि शेजारी रस्त्यावरच्या टपरीवरून तीनशेला आणलेलं एक ठेवून दोन्ही हॅकसॉने मधोमध कापली. टपरीवाल्याच्या आत थर्माकोल नव्हतंच, बाटलीच्या जाडीचं प्लास्टिक आणि त्याला चिकटवलेला स्पंज, पण मागे आयएसआयचा स्टिकर मात्र ठळक. 1 जून 2021 पासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो), म्हणजे याच आयएसआय खुणेशिवाय हेल्मेट विकता येत नाही. त्या खुणेमागे आयएस 4151 मानक आहे, त्यात हेल्मेटात धातूचं डोकं घालून ते लोखंडी ऐरणीवर टाकतात आणि आतला झटका मोजतात. दुचाकीवाल्यांचा राग या टपरीवर निघायला हवा असं मला वाटतं. सक्ती करणाऱ्या सरकारला विचारायचं तर हे विचारा, की आमच्याकडून पावती घेताय तर स्टिकर छापणाऱ्याला कधी पकडणार.

कापलेली दोन्ही अर्धुकं आता गॅरेजच्या फळीवर ठेवलीत. परवा आमचा मेकॅनिक हात पुसत आला, त्यातला खळगा बोटाने चाचपला, मग खुंटीवरचं स्वतःचं हेल्मेट काढलं आणि कानाजवळचं अस्तर ओढून आत बघत म्हणाला, "दादा, यात तर नुसता स्पंजच आहे की."