मूल अठरा वर्षांचं झालं की पोटगी थांबते का? या प्रश्नामागचा इतिहास

मूल अठरा वर्षांचं झालं की पोटगी आपोआप थांबते, असं अनेक विभक्त आईवडील धरून चालतात. काही ठिकाणी ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण हा आकडा आला कुठून ते पाहिलं, तर तो ठरवताना मुलाच्या गरजेला फारसं स्थान नव्हतं असंच दिसतं.

इंग्लंडमध्ये १५७६ च्या कायद्याने विवाहबाह्य मुलाच्या पालनाचा खर्च आई आणि कथित पित्याकडून वसूल करण्याची सोय झाली. १६०१ च्या गरिबांसाठीच्या कायद्याने मुलांना पोसण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकली. दोन्हींमागची मुख्य चिंता गावच्या तिजोरीची होती. १८३४ मध्ये विवाहबाह्य मुलाचा भार बहुतांशी आईवर ढकलला गेला. पित्याविरुद्ध तिला स्वतः दाद मागता आली ती १८४४ पासून.

सज्ञानतेचं जुनं वय २१. त्याचं मूळ सरंजामी काळातल्या लष्करी सेवेत सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये ते १ जानेवारी १९७० पासून १८ वर आलं. अमेरिकेत १९७१ मध्ये अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळाला, त्यामागे व्हिएतनाम युद्धात लढायला जाणाऱ्या तरुणांचा प्रश्न होता, आणि पाठोपाठ बऱ्याच राज्यांनी सज्ञानतेचं वयही उतरवलं. त्याबरोबर अनेक ठिकाणी पोटगीची तीन वर्षं गेली. तरुणांना हक्क मिळाले हे चांगलंच झालं, पण मत देता येणं आणि कॉलेजची फी भरता येणं यांचा एकमेकांशी काय संबंध?

युटा राज्यात तर मुलींची पोटगी १८ ला आणि मुलांची २१ ला संपत असे. मुली लवकर लग्न करतात, मुलांना शिक्षणाची गरज असते, असं त्याचं समर्थन केलं जाई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला.

भारतात प्रवास उलट्या दिशेने झाला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४८८ मध्ये वयाचा उल्लेखच नव्हता. मूल 'स्वतःचा निर्वाह करू न शकणारं' असलं की पुरे. १९७३ च्या संहितेत, कलम १२५ मध्ये (२०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४), ते 'अल्पवयीन' असण्याची अट आली. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान मुलांना अपवाद ठेवला, त्यातून विवाहित मुली वगळल्या. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मात्र निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क वयाशी बांधलेला नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो पुन्हा स्पष्ट केला. शिकत असलेल्या सज्ञान मुलग्याला या दोन्ही कायद्यांत तसा आधार नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

फ्रान्सच्या नागरी संहितेनुसार मूल सज्ञान झालं म्हणून पालकांचं कर्तव्य आपोआप संपत नाही. जर्मनीत निर्वाहात योग्य व्यवसायशिक्षणाचा खर्चही धरला जातो. याउलट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये विभक्त पालकांना कॉलेजच्या खर्चाची सक्ती करणारा कायदा रद्द केला. एकत्र राहणाऱ्या पालकांवर अशी सक्ती नाही, मग यांच्यावरच का, हा न्यायालयाचा मुद्दा होता. तर्क म्हणून तो नीट आहे. पण एका घरात राहणारं मूल रोज आईवडिलांसमोर असतं. वेगळ्या राहणाऱ्या पालकाकडे मागणी करायला त्याच्या हाती बहुधा न्यायालयाचा आदेशच असतो.

चालू पोटगी संपली तरी थकबाकी संपत नाही, हे अनेकांना उशिरा कळतं. अमेरिकेत केंद्रीय कायद्यातल्या १९८६ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक थकलेला हप्ता न्यायालयीन निकालासारखा वसूल होतो, आणि तो मागाहून माफ करण्यावर कडक मर्यादा आहेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. वडिलांनी उत्पन्न कमी दाखवल्याचं प्रकरण होतं, मुलगी तोवर सज्ञान झालेली होती. तरीही मागच्या वर्षांची कमी पडलेली पोटगी आईला मागता येते, असा निर्णय न्यायालयाने दिला.