फौज आणि फायर ब्रिगेड: हे नातं आलं कुठून

आपल्या वर्धा-यवतमाळकडे पहाटे डांबरी रोडवर धावणारी पोट्टी दिसतात त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात आर्मी असते, नाही जमलं तर पोलीस भरती, आणि फायरमनची आठवण येते ती जाहिरात निघाल्यावर. पण या दोन कामांचं नातं जुनं आहे आणि त्यातलं बरंच आपल्याच भागात घडलंय, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून धरा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली, आत दारूगोळा आणि कापसाच्या गाठी सोबतच भरलेल्या, आणि कापसाची आग काय असते हे आपल्या जिनिंगवाल्यांना विचारा, वरून पाणी मारलं की विझल्यासारखी वाटते पण गाठीच्या आत धुमसतच राहते. जहाज फुटलं, ६६ फायरमन गेले. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

पुढे केंद्राने १९५६ मध्ये राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय काढलं, आधी रामपूरला, पण १९५७ मध्येच ते नागपूरला आलं. देशभरातले फायर ऑफिसर इथे शिकतात आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांना ते नागपुरात आहे हेच माहीत नसतं, याचं खरंच वाईट वाटतं. २००२ मध्ये इथेच हर्षिनी कान्हेकर ही पहिली मुलगी शिकायला आली, ती नागपूरचीच.

दुसरी बाजू दारूगोळ्याची. भंडारा, भद्रावती, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आणि पुलगावचा लष्कराचा दारूगोळा डेपो, जिथे बारूद तिथे स्वतःचं फायर स्टेशन असावंच लागतं. लष्कराच्या डेपोतला फायरमन बहुतेक वेळा सैनिक नसतो, तो संरक्षण खात्याचा सिव्हिलियन कर्मचारी असतो, म्हणजे बंदूक न धरताही फौजेसोबत आग विझवायची नोकरी होते. दहावी पासवर अर्ज भरता येतो पण फिजिकल सोपं नाही, ६३.५ किलोचा माणूस खांद्यावर घेऊन १८३ मीटर ९६ सेकंदांत जायचं, २.७ मीटरचा खड्डा उडी मारून पार करायचा, वर ३ मीटर दोर चढायचा. नुसतं १६०० मीटर मारणाऱ्याचा इथे दम निघतो, पोत्यांची सवय असलेला शेतकऱ्याचा पोरगा मात्र टिकतो.

आणि हे काम काय असतं ते ३१ मे २०१६ ला पुलगावने पाहिलं. मध्यरात्रीनंतर डेपोच्या शेडला आग लागली, स्फोट झाले, आसपासची गावं रात्रीच रिकामी करावी लागली. दोन अधिकारी गेले आणि डेपोच्या फायर स्टाफमधली बरीच माणसं गेली. आजूबाजूच्या गावांत ती रात्र कोणी विसरलेलं नाही.

आता फौजेतून फायरमध्ये यायचं कसं. राज्याच्या क आणि ड गटातल्या पदांवर माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे, केंद्रात क गटाला १० टक्के. पण फौजेत १५ वर्षं काढली म्हणून महापालिकेत सरळ फायरमन होत नाही, त्यासाठी सहसा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स मागतात आणि तो नसला की कोटा असून अर्ज बाद. नौदलात मात्र प्रत्येक खलाशाला आग विझवायचं शिकावंच लागतं, लोणावळ्याला त्याची वेगळी शाळाच आहे.

२०२२ च्या अग्निपथपासून, म्हणजे चार वर्षांच्या फौज भरतीच्या योजनेपासून, हिशोब बदलला. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंतच पोरं आत राहतात, बाकीच्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणजे वरचा कोटा आपला आहे असं धरून चालू नका. योजना आली तेव्हा केंद्रीय दलांत १० टक्के जागा त्यांच्यासाठी जाहीर झाल्या, सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) त्यातच येतं, आणि तिथे कॉन्स्टेबल फायर म्हणून वेगळी भरती असते, पण त्याला बारावी सायन्स लागते, तेव्हा दहावीनंतर आर्ट्सचा फॉर्म भरायच्या आधीच हे ठरवा.